लाट असलेला ओ

नोव्हेंबर. व्होरूत दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो,
तलाव दिसेनासा होतो, आणि शेतकी सहकारी भांडाराच्या
मागच्या खोलीत लेलो राउद्सिक
तिसऱ्यांदा तेच बटण दाबते.

दुबार नोंद. हा संकेत आधीच अस्तित्वात आहे.

नाही हो. तिने यादी वरून खाली वाचली आहे,
मग खालून वर.
नवा माल आलाय: डुकराचे वाळवलेले कान,
कुत्र्यांना चघळायला, एका खोक्यात चाळीस.
कानांना प्रवर्ग हवा, प्रवर्गाला संकेत,
आणि रकाना म्हणतो, आहे की, केव्हाचा.

काय आहे? टोपल्या आहेत.
इथल्या भाषेत टोपली म्हणजे कोर्व.
आणि कान म्हणजे... थांबा,
कान लिहिताना त्या ओच्या डोक्यावर एक बारकी लाट असते,
तो ओठ गोल न करता म्हणायचा, घशाच्या मागून,
जड पोतं उचलताना निघतो तसा.
देवनागरीत त्याला अक्षर नाही.
मीही कान कोर्व असाच लिहिणार,
तेव्हा सॉफ्टवेअरला हसायचा हक्क मला नाही.

लेलोने आधी सगळे करतात तेच केलं.
बंद, चालू.
शब्दाच्या शेपटाला मोकळी जागा चिकटलीय का, तेही पाहिलं,
कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि नोंद अडवते.
नव्हती.
मग 'निष्क्रिय नोंदी दाखवा'वर टिचकी,
आणि आल्या, राखाडी अक्षरांत, एकीखाली एक:
कोर्व २
कोर्व नवा
कोर्व एक्स
कोर्व एक्स हेल्दुर विचारू नका

तिने विचारलं.
हेल्दुर आता उर्वास्तेला असतो,
थंडीआधी मधाच्या पेट्यांभोवती पेंढा बांधतो.
"हां, ते गुरांच्या कानातले बिल्ले," तो म्हणाला.
"बसत नव्हते, म्हणून बसवले.
सुरुवातीला त्याने विचारलं होतं, वर्णक्रम कुठला?
मी सर्वसाधारण निवडला.
सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांना चालेल ना."

सर्वसाधारणाला लाट दिसत नाही.
आपल्याकडे कुणी ल आणि ळ एकच धरला
तर काल आणि काळ एका खुंटीला टांगावे लागतील,
वेळ आली की मांडवावर चढवावी लागेल,
आणि एवढं सगळं होऊन
मला काही कळलं नाही, नुसतंच कललं.

फोन ठेवून लेलो जरा गप्प बसली.
मग उठून मागच्या पडवीचं दार उघडलं.
छतापर्यंत टोपल्या.
दर वर्षी अहवालात टोपल्यांचा खप वाढत होता,
दर वर्षी अध्यक्ष माइट खूश होऊन आणखी मागवत होते,
आणि विकले जात होते बिल्ले,
गाईंच्या कानात, टोपलीच्या नावाने.

रात्री, गल्ला बंद झाल्यावर,
तिने आधी सगळ्याची प्रत काढली. (दोनदा.)
मग वर्णक्रमाची यादी उघडली.
एस्टोनियन नवव्या ओळीत होता,
इतकी वर्षं तिथेच, कुणी निवडायची वाट न बघता.
तक्ता नव्याने बांधायला अकरा मिनिटं लागली.
तिने कान लिहिला. लाटेसकट.
काहीच झालं नाही.
म्हणजे झालं.

सकाळी ओइए हिन्नो आल्या, कुत्र्यासाठी, सहा कान.
त्यांच्या नावातला ओही लाटेचा,
आणि सभासद झाल्यापासून प्रत्येक बिलावर सपाट.
नाव लेलोने रात्रीच दुरुस्त केलं होतं.
छापखान्यासारखा खरखर आवाज करत कागद बाहेर आला,
आणि त्यावर, पहिल्यांदाच, ती बारकी लाट.
लेलो बघत राहिली त्यांच्या तोंडाकडे.

ओइएंनी चष्मा लावला,
नाव ओलांडून थेट बेरजेवर गेल्या.
"टोपलीचे वेगळे लावलेत का?"
"नाही," लेलो म्हणाली. "टोपली फुकट. दोन घ्या."